सहीचे अर्धे अक्षर

एकदा एका साधूला उतारवयात मोठे पद मिळाले. हे साधू ब्रिटनीचे, म्हणजे फ्रान्सच्या पश्चिम टोकाच्या समुद्रकाठचे. तीस वर्षे त्यांनी मठात ग्रंथ उतरवले, शेताला खत म्हणून समुद्रातले शेवाळ टोपलीने वाहिले. आणि एके दिवशी लोकांनी त्यांना बिशप, म्हणजे प्रांताचे धर्मप्रमुख, केले. मठातला एक शिष्य लेखनिक म्हणून बरोबर आला.

मठाचा नियम असा, की प्रार्थनेची घंटा झाली की हातातले काम तिथेच सोडायचे. लिहिणाऱ्याने अक्षरसुद्धा पुरे करायचे नाही. शिष्याला हे पोरकट वाटे. एक रेघ ओढायला असा कितीसा वेळ लागतो? पण बिशप झाल्यावरही साधूंनी तो नियम सोडला नव्हता.

पुढे एक तक्रार आली. एका कोळ्याने फुटक्या जहाजाच्या, किनाऱ्याला लागलेल्या फळ्या घरी नेल्या होत्या. तिथल्या रिवाजाने त्यांवर हक्क त्या किनाऱ्याच्या सरदाराचा, आणि तक्रारही त्याचीच. बिशपनी कोळ्याला दोनदा बोलावले. तो आला तर नाहीच, उलट भर बाजारात म्हणाला, "कालपर्यंत शेवाळाची टोपली वाहत होता, आज मला बोलावणी धाडतोय!"

हे ऐकून बिशपच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिष्याला बाजूला सारून त्यांनी स्वतःच बहिष्काराची आज्ञा लिहायला घेतली. बहिष्कार म्हणजे चर्चचे दार बंद, शेजाऱ्याचा विस्तव बंद, मेल्यावर धर्माची मूठमातीही नाही! सरदाराचा कारभारी समोर उभाच होता. सहीचे शेवटचे अक्षर अर्धे झाले आणि घंटा वाजली.

बिशपनी लेखणी ठेवली.

"स्वामी, एवढी रेघ राहिलीय!" शिष्य कळवळला. पण ते चालू लागले होते.

परत आल्यावर त्यांनी ती आज्ञा उभ्या उभ्या वाचली आणि चाकूने त्या चामड्याच्या पानावरची सारी शाई खरवडून काढली. कारभारी पाय आपटत निघून गेला.

"बाळा, लिहिताना वाटत होते, मी न्याय करतोय," ते म्हणाले. "आता वाचले, तर फळ्या एका ओळीत आणि माझा अपमान सात ओळींत! आणि तो खोटे तरी काय बोलला? टोपली मी वाहिलीच की. मठात फार तर ग्रंथातले अक्षर अर्धे राही. इथे माझ्या अक्षरावर माणसाचे जिणे टांगलेले असते. तीस वर्षे जी सवय केली, ती या एका दिवसासाठी होती रे."

शिष्याने हात पुढे केला. त्याच्या बोटांना शाई लागलेली होती.

"स्वामी, तुम्ही गेल्यावर कारभारी म्हणाला, तूच ओढ ती रेघ, कोणाला कळतेय! मी लेखणी उचललीही होती."

"मग?"

"घंटा अजून वाजत होती."

बिशपनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "चल, त्या कोळ्याकडे आपणच जाऊन येऊ."

रागाच्या भरात लिहिताना आपली घंटा कोणती, हे ज्याने त्याने आधीच ठरवून ठेवावे.