ताठ काठी आणि कुपा

फार मागे, गळाच्या काठ्या बोलायच्या तेव्हाची गोष्ट. बाबी तांडेल मोठा कुपा मासा धरायला काठी निवडत होता.

"मला घे," जाडजूड काठी म्हणाली. "मी कुणापुढे वाकत नाही!"

"तांडेलमामा, मी वाकते," शेजारची लवचीक काठी म्हणाली, "पण माशाचा अर्धा हिसका मीच पोटात घेते."

"वाकणारी नेली तर गाव हसेल गं!" म्हणत तांडेलाने जाडी उचलली.

भर समुद्रात म्हशीएवढा कुपा गळाला लागला. त्याने हिसका दिला. काठी खरंच वाकली नाही, मोडलीही नाही. तांडेलच होडीतून उडाला आणि धपकन पाण्यात पडला. कुपा काठी ओढत निघाला.

"मामा, बघितलंत? वाकले का मी?" काठी लांबून ओरडली.

होडीला लोंबकळत, खारं पाणी थुंकत तांडेल म्हणाला, "नाही गं बाई. आता कुप्याच्या घरी अशीच ताठ नांद!"