दोरीने मोजलेल्या नावा

फार जुनी गोष्ट आहे. सूर्य उगवून बरोबर दोन घटका झाल्या होत्या. नदीकाठच्या एका राज्यात एक सावळी बाई लेकीला घेऊन धक्क्यावर आली. शाळा पलीकडच्या काठावर होती.

त्या राज्यात नावा दोन होत्या. एक गोऱ्यांची, एक सावळ्यांची. राज्य वसवणाऱ्या राजाने शिळेवर कोरून ठेवलं होतं, 'या राज्यात सगळी माणसं समान.' पण न्यायसभेने पूर्वी दोन्ही नावा दोरीने मोजल्या, सारख्या भरल्या, आणि निकाल दिला की शिळेचा मान राखला गेला.

त्या दिवशी सावळ्यांची नाव निघून गेली होती. गोऱ्यांची अर्धी रिकामी होती. पोर तिकडे वळली तसा नावाडी म्हणाला, "ए पोरी, तुमची येईल. थांब तिथंच."

पोरीने आईचा पदर धरला. "आई, आपण बसलो तर ती नाव बुडते का गं?"

तक्रार केली तर आहे ती नावही बंद होईल, पोरीची शाळा सुटेल, ही आईला धास्ती. तरी ती तशीच न्यायसभेत गेली.

कारकून हसला. "बाई, बोटभर फरक नाही दोन्हींत. का गादी हवीय बसायला?"

"नाव चांगलीच आहे, दादा."

"मग तक्रार कशाची?" म्हाताऱ्या न्यायाधीशांनी विचारलं.

बाईने पोरीचा प्रश्न सांगितला. म्हणाली, "हे तुमच्या दोरीने कसं मोजायचं, तेवढं सांगा."

न्यायाधीशांनी जवळची मोजायची दोरी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "शिळेवर माणसं लिहिलीत. आम्ही लाकूड मोजत बसलो."

"पण महाराज, जुना निकाल?" कारकून चाचरला.

"निकाल आमचा होता, चूकही आमचीच. शिळा तीच राहील. ती नीट वाचू."

दुसऱ्या दिवसापासून जो आधी येईल तो समोरच्या नावेत बसू लागला. गोऱ्यांपैकी काही जण तोंड फिरवून घरी गेले, नाव मात्र निघाली. पोर नावेचा काठ घट्ट धरून पाण्याकडे बघत होती. मधोमध आल्यावर हळूच म्हणाली, "आई, नाही बुडाली."

वेगळं बसवून दिलेली बरोबरी ही बरोबरी नसते.

तुमच्या गावाला नदी असो वा नसो, ही गोष्ट आणखी एकाला तरी सांगा.