सांगवडच्या कचेरीचे पूर्वेचे दार

ही सांगवडची जुनी न्यायकचेरी. काळ्या घडीव दगडाची, पश्चिमेला सात कमानी, वर सागवानी छत. सगळे बांधकाम मापात आहे, फक्त पूर्वेच्या भिंतीतले हे दार सोडून. मी इथे एकतीस वर्षे बेलीफ होतो. या दाराची गोष्ट मला माझ्या आधीच्या बेलिफाने सांगितली.

कचेरी बांधून होत आली होती, तेव्हाची ही हकिगत म्हणे. इनामदाराची कडब्याची गंजी जळाली आणि आळ आला गोपाळा कुंभारावर. सक्तमजुरी ठरल्यासारखीच होती. त्याच्या बाजूने साक्ष एकच, कोंडाबाईची. ती महारवाड्यातली. तिला आत घेतले तर आम्ही उठून जाऊ, असे गावच्या मोठ्या लोकांनी बजावले. म्हणून ती या भिंतीबाहेर उन्हात उभी राहिली. ती बोलेल ते शिपायाने वळसा घालून आत जाऊन सांगायचे, असे ठरले.

यल्लप्पा वडार तेव्हा परांचीवर बसून वरचा दगड घडवत होता. त्याला दोन्हीकडचे ऐकू येत होते.

कोंडाबाई म्हणाली, "इनामदाराच्या गाडीवानाची चिलीम पडली गंजीवर. म्या डोळ्यांनी बघितलं. कुंभार तवा तळ्यात माती काढत हुता."

शिपायाने आत सांगितले, "बाईने काही पाहिलेले नाही."

यल्लप्पा खाली उतरला आणि हातातल्या छिन्नीसकट मुन्सफांसमोर जाऊन उभा राहिला. ऐकले ते सगळे त्याने सांगितले. मुन्सफ सबनीस वयाने तरुण होते, गावात नवे होते. म्हणाले, "मला तिचे बोलणे ऐकू येत नाही. मध्ये भिंत आहे."

"भिंत मीच बांधलीय, साहेब. म्हणाल तर पाडतो."

मुन्सफांनी विचारले, "किती वेळ लागेल?"

"दुपारपर्यंत."

दुपारी भिंतीला वाट झाली. कोंडाबाई उभी होती तेवढ्याच उंचीची. "बाई, आत या," मुन्सफ म्हणाले. अर्धी कचेरी उठून गेली. तिने पहिल्यापासून सगळे सांगितले आणि गोपाळा सुटला.

भिंत फोडली म्हणून यल्लप्पाला मुकादमाने कामावरून काढले. गोपाळाने त्याला आपल्या परड्यात घर बांधायला जागा दिली. समोर दिसते ती वडारवाडी तिथूनच वाढली, असे सांगतात. मुकादम भिंत बुजवायला आला, तेव्हा मुन्सफांनी त्याला तिथे चौकट बसवायला लावली.

आजही साक्षीदार कुणीही असो, याच दाराने आत येतो. मागल्या वर्षी एका खटल्यात खुद्द कलेक्टरसाहेब साक्षीला आले होते. उंचेपुरे गृहस्थ. शिपायाने त्यांनाही इकडेच आणले आणि ते वाकून आत गेले.