डावीकडची जागा

राजांची भांडणं बैलांनी ओढायची, असाही एक काळ होता. त्या काळी हरण्या आणि करड्या हे दोन बैल बारा वर्षं एकाच जोखडाखाली राबले. हरण्या कायम उजवीकडे, करड्या डावीकडे.

एकदा दवंडी आली, तोफा ओढायला बैल हवेत.

करड्याने शिंगं उगारली. "जायलाच हवं. नदीपलीकडचे फार माजलेत."

"पलीकडच्यांनी आपलं काय खाल्लंय रे?" हरण्या म्हणाला.

"भित्रा आहेस तू!"

त्या दिवसापासून दोघं तोंडं फिरवून उभे राहू लागले. शिपाई आले, तेव्हा करड्या आपणहून पुढे झाला.

तीन वर्षं हरण्या त्याच्याशी मनातल्या मनात भांडत राहिला. पण करड्या लंगडत परत आला, तेव्हा हरण्याला भांडायचाही कंटाळा आला होता.

"जिंकलो का?" एवढंच त्याने विचारलं.

"ठाऊक नाही. माझ्या जोडीला पलीकडून धरून आणलेला बैल होता. तुझ्यासारखाच उजवीकडे चालायचा. रोज विचारायचा, आम्ही तुमचं काय खाल्लं होतं?"

"मग काय सांगितलंस?"

"चढावर पडला तो. सांगायचं राहूनच गेलं."

हरण्या उजवीकडे सरकला. गव्हाणीची डावी बाजू मोकळी झाली.