साळिंदराचं थिएटर

फार पूर्वी, प्राण्यांनाही घरबसल्या सिनेमा बघायची हौस होती तेव्हाची गोष्ट. एका साळिंदराने आपल्या इवल्याशा बिळात थिएटर करायचं ठरवलं. त्याने कोळ्याकडून पांढरा पडदा विणून घेतला, काजव्यांना उजेडाचं काम दिलं, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना शेवाळ लावलं. सशाच्या कानांचं आणि खारीच्या शेपटीचं माप घेऊन मऊ गवताच्या बैठका केल्या.

पाहुणे आले, दाटीवाटीने बसले. पडद्यावर नाकतोड्यांच्या सावल्यांची लढाई रंगली आणि साळिंदराला असं स्फुरण चढलं, की अंगावरचे सगळे काटे ताठ उभे राहिले. पडदा टरकन फाटला. पाहुणे ओरडत बाहेर पळाले.

"साळूदादा," ससा दारातून म्हणाला, "सगळ्यांची मापं घेतलीत, तुमचं घ्यायचं राहिलं की!"

साळिंदर ओशाळला, मग पोट धरून हसला. "काय सांगू, मी स्वतःला मऊच समजत होतो!"

त्याने नवा पडदा विणून घेतला, पाहुण्यांना पुन्हा आग्रहाने आत बसवलं आणि स्वतः बिळाच्या तोंडाशी बसला.

"तिथून दिसतंय का?" खारीने विचारलं.

"सिनेमा अर्धाच दिसतोय," तो म्हणाला, "पण तुम्ही सगळे दिसताय."