एकोणपन्नासाव्याचं बारसं

एकदा काय झालं, वाघजाळी नावाच्या गावात वाराच येईना. पांघरुणाची ओढाओढ थांबवा बघू, मग पुढचं सांगते.

माघ सरत आलेला. ज्वारीची मळणी झालेली. खळ्यात दाणा आणि भुसा एकत्र, कमरेइतका ढीग. आता हे उफणायचं. म्हणजे काय, तर उंच तिपाईवर उभं राहायचं आणि सूप डोक्यावर धरून हळूहळू ओतायचं. मग वारा भुसा पलीकडे नेतो आणि दाणा सरळ खाली पडतो. पण वाराच नाही, तर दाणाही पायाशी आणि भुसाही पायाशी. त्यात पश्चिमेला काळे ढग जमायला लागले. पाऊस आला तर ज्वारी काळी पडणार. मग वर्षभर गावानं खायचं काय?

पाटलांनी नारळ फोडला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. शेवटी म्हाताऱ्यांनी वाऱ्याला शिव्या दिल्या. पण पिंपळाचं पानसुद्धा हललं नाही, बरं का.

त्या गावात होती हौसाआत्या. तिला स्वतःचं मूल नव्हतं, पण ती सगळ्या गावाची आत्या. कुणाच्याही घरी बारसं असलं की हिलाच बोलावणं. मग ती पाळण्यात वाकायची, बाळाच्या कानात नाव सांगायची आणि कुर्रर्र करायची. बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाधप धपाटे घालायच्या. तशी बासष्ट बारशी तिच्या पाठीनं सोसली होती. बासष्ट नावं तिनं वाटली. एक मात्र कुणाला दिलं नाही. ते तिनं स्वतःच्या बाळासाठी ठेवलं होतं. बाळ काही आलं नाही. नाव तसंच राहिलं, मनात, घडी घालून.

तर ही हौसाआत्या खळ्यात आली आणि म्हणाली, "वारा वारा काय करताय? 'ए माणसा' म्हटलं तर तुमच्यापैकी कोण ओ देईल? त्याला नाव असेल की काहीतरी. ते घेऊन हाक मारली तर येईल."

"पण ते कुणाला ठाऊक, आत्या?" पाटील म्हणाले.

"त्याच्या आईला ठाऊक असेल. जाऊन विचारते."

मग तिनं दोन भाकरी बांधल्या, एक जुनं लुगडं काखेत मारलं आणि निघाली. पहिल्या डोंगरावर वहाण तुटली. ती तिथंच टाकली. दुसऱ्या डोंगरावर भाकरी संपली. तिसऱ्या डोंगरावर गुडघे म्हणाले, चला परत. आत्या म्हणाली, "तुम्हाला कुणी विचारलं?" आणि चढली.

वर एक गुहा. गुहेत वाऱ्यांची आई, ही एवढी थोरली, केस पार दरीत उतरलेले. आत्यानं तिला मुलाचं नाव विचारलं, तशी तिनं मान खाली घातली.

"मला एकोणपन्नास मुलगे," ती म्हणाली. "अठ्ठेचाळिसांची बारशी केली. वीज त्यांची आत्या. धाकट्याच्या वेळी धांदलीत तिला बोलावणंच गेलं नाही. ती रुसली, ती आली नाही. आत्याच नाही, तर नाव ठेवणार कोण? तुमच्याकडे येतो तो हाच. यंदा भावांनी चिडवलं, बिननावाचा म्हणून. तेव्हापासून कोपऱ्यात बसलाय."

कोपऱ्यात नुसती थोडी धूळ हलत होती.

"मग आज करू बारसं," हौसाआत्या म्हणाली. "मी आहे ना आत्या."

"तू कुठं त्याची सख्खी आहेस?"

"वाघजाळीत तरी मी कुणाची सख्खी आहे?"

आणि तिनं लुगड्याची झोळी बांधली. झोळीत हळूच काहीतरी येऊन निजलं. आत्या वाकली आणि तिनं भारदस्त नाव सांगितलं, प्रतापराव. झोळी हलली नाही. मग लाडाचं सांगितलं, सोन्या. छे.

वाऱ्यांची आई म्हणाली, "उगाच सुचलेलं नाव त्याला लागायचं नाही. ज्या नावानं कुणी वाट पाहिलीय, तेच खरं नाव."

हौसाआत्या मटकन खाली बसली. कुठलं नाव द्यायचं, ते तिला कळलं होतं. पण ते दिलं की गेलं. मग आपल्यापाशी काय उरलं? तिला रडू आलं, आणि ती रडलीसुद्धा. मग तिनं त्या निपचित झोळीकडे बघितलं. हाही किती दिवस वाट बघत पडलाय, तिला वाटलं. तिनं डोळे पुसले, पदर खोचला.

"घाला धपाटे," ती म्हणाली, आणि तिसऱ्यांदा वाकली.

वाऱ्यांच्या आईचा हात तो. एक धपाटा. दोन धपाटे. तीन. गुहा दणाणली, पण आत्यानं झोळी सोडली नाही. तेवढ्यात तिनं नाव सांगितलं, कुर्रर्र केलं, आणि झोळी अशी टम्म फुगली म्हणता!

मग आत्या डोंगर उतरून खळ्यात आली. ढग अगदी डोक्यावर. ती तडक तिपाईवर चढली, सूप उचललं आणि ओठातल्या ओठात एक हाक मारली.

आणि तो आला. भुसा उडाला पार ओढ्यापर्यंत, दाणा पडला पायाशी. सगळं गाव सुपं घेऊन धावलं. दिवेलागणीला ज्वारी कणगीत गेली, आणि मग पाऊस पडला.

नाव सांग, म्हणून गाव आत्याच्या मागे लागलं. तिनं नाही सांगितलं. पण वाऱ्याला पुन्हा हाक मारावीही लागली नाही. दरसाल तो आपणहून यायचा. मात्र खळ्यात जायच्या आधी आत्याच्या दारात यायचा, कडी वाजवायचा. आतून ती म्हणायची, "आलास? बस जरा." मग तो बसायचा घटकाभर. गाव थांबायचं.

अशी सगळी पोटभर जेवली, सुखानं राहिली.

काय? नाव काय होतं? मला कसं ठाऊक, धपाट्यांत कुणाला ऐकू गेलं? ते तिला ठाऊक आणि त्याला. तुमची नावं मात्र मला ठाऊक आहेत. सकाळी एकेकाला हाक मारीन, पहिल्या हाकेला उठायचं. निजा आता.