गरम बॉनेट

“मालक जाऊन सहा महिने झाले. तेव्हापासून या मिनी ट्रॅक्टरला कुणी शिवलेलं नाही. तालुक्यात माझ्या शब्दाला किंमत आहे, काकू!” दलाल खंडेराव छाती फुगवून म्हणाले.

गोजराबाईंची चिकूची बाग तणाखाली चालली होती. जुना का होईना, ट्रॅक्टर हवाच होता. अंधाऱ्या शेडमध्ये त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि अंगावर सर्रकन काटा आला. बॉनेट गरम होतं.

खंडेराव कुजबुजले, “मालकाचा जीव अडकलाय यात. पहाटे येऊन तोच चालवतो.”

वर वटवाघळं फडफडली. गोजराबाई टायरला टेकून खाली बसल्या.

“मेलेल्यालाही गिऱ्हाईक यायच्या आत इंजिन तापवून ठेवावं लागतं, म्हणजे गार असताना हा चालू होत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक दिसतंय. गार होऊ दे, मग मी किल्ली फिरवते.”

खंडेरावांनी किल्ली खिशात टाकली.